लेकीच्या घरचा थांबा

मंडळी, देवाचं नाव घेऊन बसलाच आहात, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस एखाद्या ठिकाणी पोचला, असं केव्हा म्हणायचं? गाडीतून उतरला तेव्हा? दार उघडलं तेव्हा? की पिशवी खाली ठेवली तेव्हा?

मागे खांबाला टेकलेले काका म्हणताहेत, पिशवी ठेवली की पोचला. काका, तुमची पिशवी अजून मांडीवर आहे! म्हणजे तुम्ही अजून कीर्तनाला यायचेच आहात!

हसू नका. ऐका.

विट्याला रंगराव साळुंखे म्हणून एक गृहस्थ. सगळे त्यांना नाना म्हणायचे. उभा जन्म एसटीत गेला – वाहतूक नियंत्रक! गाडी फलाटाला लागली रे लागली, की नाना खिडकीत माइक धरून तयार. "चला, चला, गाडी सुटतेय!" अहो, म्हातारी अजून पायरीवर, तिचं गाठोडं कंडक्टरच्या हातात – आणि नाना गाडी सोडताहेत! गाडी धावते तेवढी जमेला, थांबते तेवढी खर्ची, हा त्यांचा हिशेब. निवृत्त झाले, माइक सुटला. पण सवय सुटते का? जेवायला बसले तरी एक गुडघा उभाच!

पत्नी मालनबाई. एकुलती एक लेक वैजयंता, घरची वैजू. दिली ऑस्ट्रेलियाला, पर्थ नावाच्या शहरात. तिला मुलगी झाली, ईरा. तीन वर्षांची व्हायला आली, आणि आजोबा तिला माहीत कुठले? फोनच्या काचेतले! रोज संध्याकाळी काचेवर बोट टेकवायची, "नाना!" इकडे नाना काचेला गाल लावायचे. आणि त्यांचा जीव तुटायचा, मंडळी. पोरीचं बोट लागतंय काचेला, गालाला नाही!

वैजू म्हणाली, "नाना, या की आता. मला आठ दिवस रजा मिळतेय."

झालं! नाना कामाला लागले. आणि काय केलं असेल? शाळेचं भूगोलाचं पुस्तक काढलं! त्यात महाराष्ट्र एका पानावर, ऑस्ट्रेलियाही एका पानावर. महाराष्ट्र वीतभर, ऑस्ट्रेलियाही वीतभर! नानांनी पानावर बोटं टेकवली. "मालन, हे बघ. विटा-नागपूर एवढं. पर्थ-सिडनी त्याहून जरा जास्त. रात्रीची गाडी धरली, की सकाळी चहाला सिडनी!"

मालनबाई म्हणाल्या, "अहो, वैजूला तरी विचारा."

वैजू फोनवर हसून हसून बेजार. "नाना, गाडीने निघालात तर माझी रजा रस्त्यातच संपेल! विमानालाच चार तास लागतात. अख्खं खंड आडवं आहे मध्ये!"

आता शहाणा माणूस काय करेल? चार ठिकाणं कमी करेल. पण हे नियंत्रक! हे म्हणाले, "लांब आहे ना? मग थांबे कमी करू!"

कुठला थांबा कमी केला असेल, मंडळी? सिडनी ठेवलं. मेलबर्न ठेवलं. वाळवंटातला तो मोठा तांबडा खडक – तोही ठेवला. पहिल्या दिवशी पर्थला उतरायचं, रात्र काढायची, उजाडता विमान. बाकीचं सगळं बघून शेवटच्या दिवशी परत पर्थ, आणि घरी.

मालनबाई कागद बघून म्हणाल्या, "आणि वैजूचं घर?"

"हे काय, लिहिलंय की. रात्रीचा मुक्काम."

"एका रात्रीत पोरगी जवळ येईल?"

"न यायला काय झालं? रोज बोलते माझ्याशी! आणि अगं, बापानं लेकीच्या घरी फार पाय पसरू नयेत."

बघा हं! रीत कुठून काढून आणली! लेकीकडे राहायला नको, पण लेकीच्या रजेत देश हिंडायला हरकत नाही!

मालनबाईंनी कागदाची घडी घातली. त्यांनी वाद सोडला की समजावं, दुसरीकडून काहीतरी येतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "निघायच्या दिवशी अमावास्या आहे. प्रस्थान ठेवावं लागेल."

प्रस्थान ठाऊक आहे ना? निघायचा दिवस बरा नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातलं काहीतरी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. ठेवलं, की आपण निघालो! मग ते घरी आणायचं नाही. जाताना तिथूनच उचलायचं.

नाना कुरकुरले, पण हो म्हणाले. मालनबाईंनी एका फडक्यात तांदूळ घेतले, हळकुंड ठेवलं, वर दोन्ही पासपोर्ट ठेवले आणि गाठ मारली!

"अगं, पासपोर्ट?"

"प्रवासाला सगळ्यात गरजेचं ते ठेवतात. तुमची टोपी ठेवू का?"

गाठोडं गेलं दोन घरं पलीकडे, इंदुबाई तांबटांच्या कोनाड्यात. आणि इकडे नाना रात्रभर जागे! पासपोर्ट दुसऱ्याच्या घरी! उंदीर लागला तर? पावसाचं पाणी गळलं तर? सकाळी चहा अर्धा टाकून निघाले.

"इंदुबाई, गाठोडं आहे ना?"

"आहे की, नाना. ते काय चालतंय व्हय?"

इंदुबाईंची नात होती चिमी, ईराच्याच वयाची. नानांना बघितलं आणि दाराआड पळाली. नानांचं लक्षच नाही. गाठोडं चाचपलं, चालले परत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तर दोनदा! इंदुबाई म्हणाल्या, "नाना, देवाला तरी एवढ्या खेपा घालता का?" माणूस देवळात वर्षातून एकदा, आणि पासपोर्टाला रोज दोन वेळा! काकडआरती आणि शेजारती!

पण एक गंमत होत होती. नाना गाठोडं सोडून बघायचे, पुन्हा बांधायचे. चिमी दाराच्या फटीतून बघायची. मग दाराबाहेर आली. मग भिंतीला धरून थोडी पुढे. एके दिवशी नानांच्या हातातून हळकुंड निसटलं, घरंगळत तिच्या पायाशी गेलं. तिनं उचललं, जवळ आली नाही, जमिनीवरून परत सरकवलं! दुसऱ्या दिवशी नाना आले, तर ही कोनाड्याखाली आधीच येऊन बसलेली. गाठ सुटायची वाट बघत!

निघायचा दिवस उजाडला. बाहेर जीप उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि आज घाई ड्रायव्हरला आहे बरं का! नानांनी गाठोडं काढलं, एकदा तपासायला खाली बसले, तर चिमी आली आणि सरळ मांडीत येऊन बसली. गाठीवर हात ठेवला. सोडेना!

इंदुबाई बघतच राहिल्या. "नवल केलंत, नाना! ही कुणाकडे जात नाही. हिचा बाप तिकडं लांब कामाला. महिन्या-दोन महिन्यांनी येतो, एक रात्र राहतो, पहाटेच्या गाडीनं जातो. अजून त्याला बघून दाराआड पळते बघा."

"पहाटेच्या गाडीनं?" नाना म्हणाले. ती गाडी त्यांनीच इतकी वर्षं सोडली होती. "चला, चला!" करून.

मांडीतलं पोर उठवायचं कसं? हॉर्न वाजतोय. मालनबाई दारात उभ्या. नानांनी खिशातून फोन काढला.

"वैजू, सिडनी रद्द."

"काय झालं नाना? आणि मेलबर्न?"

"तेही."

"आणि तो खडक? तुम्हाला केवढा बघायचा होता!"

"खडक कुठं पळून चाललाय? मोठा होणाराय का तो?"

पर्थला उतरले. ईरा समोर! नानांनी हात पसरले, आणि पोर आईच्या मागे लपली. आईचा फोन ओढला, काचेवर बोट टेकवून म्हणाली, "नाना?" नाना समोर उभे, आणि पोर त्यांना काचेत शोधतेय! मालनबाईंनी तोंडाला पदर लावला.

पण नानांनी हात मागे घेतले. घरी गेल्यावर दूर भिंतीशी मांडी घालून बसले. दोन्ही गुडघे खाली, मंडळी! गाठोडं काढलं. गाठ सोडली, बांधली. सोडली, बांधली.

जावई रोज विचारायचे, "नाना, जवळपास तरी फिरून येऊ?" नानांचे पाय शिवशिवायचे, फाटकापर्यंत जायचे, तिथून परत येऊन भिंतीशी बसायचे. वैजूची रजा सरत आली. ईरा खुर्चीआडून बघते, हसते, पळते. उद्या निघायचं, तरी पोर हाताला लागेना. आणि त्या संध्याकाळी काय झालं? नाना गाठ मारत होते. बाजूनं एक छोटं बोट आलं, आणि टेकलं. कुठं? काचेला नाही. गालाला!

विट्याला परत आले. लोकांनी घेरलं. "नाना, एवढा अवाढव्य देश! काय काय पाहिलं?"

नाना म्हणाले, "एक खुर्ची पाहिली. आठ दिवस."

आता तुमच्याकडे वळतो, मंडळी. आपण देवळात येतो. घंटा वाजवतो, हात जोडतो, एक डोळा चपलांवर! प्रदक्षिणा घालतो तीही गाडी सुटल्यासारखी! आणि घरी जाऊन म्हणतो, इतकी वर्षं जातोय, देव काही भेटला नाही बुवा.

अहो, भेटेल कसा? तो आहे चौकटीआड उभा. फटीतून बघतोय. हा माणूस थांबणारा आहे, की पहाटेच्या गाडीनं जाणारा आहे, एवढंच पारखतोय!

काका, ठेवा ती पिशवी खाली. बसा जरा. आणि सगळ्यांनी एकदा सावकाश, घाई न करता त्याचं नाव घ्या. सावकाश म्हटलं मी! त्याला पुढं यायला वेळ लागतो.