गायिकेच्या ओळी

बायको गेल्याचं डॉक्टरांनी मला सकाळी अकराला सांगितलं. कागद तयार होईपर्यंत बाहेर बसा म्हणाले. बाकावर एक आई आणि तिची लेक बोलत होत्या.

“मेंदूच्या झटक्याने बाबांची वाचा गेली, तरी गाणं येऊ शकतं म्हणाल्या उपचारवाल्या बाई. आपण ओळ म्हणायची, शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा.”

“मग?”

“चार दिवस म्हणतेय. त्यांच्या आवडत्या हिंदी सिनेमातलं नावेतलं द्वंद्वगीत. नुसते बघत बसतात.”

“कुणाच्या ओळी म्हणतेस?”

“गायकाच्या. बाबांच्या त्याच ना?”

“अगं, त्या माझ्या!”

“तुझ्या?”

“माझा आवाज हा असा घोगरा. लग्न झाल्यावर तुझे बाबा म्हणाले, तू गायक हो, मी गायिका होतो. छत्तीस वर्षं बाईच्या ओळी म्हणताहेत, मान वेळावून.”

“आणि हे मला आज सांगतेस?”

“आम्ही दार लावून म्हणायचो. तुला काय सांगणार, कपाळ? ते गप्प आहेत कारण त्यांची पाळीच आली नाही.”

“मग चल, तूच म्हण.”

“तिथे नर्स असते गं.”

“आई!”

“बरं बाई. आधी पाणी दे. गायकाचा घसा आहे.”

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने तिचा घोगरा आवाज ऐकू आला. एक ओळ पुरी म्हणून ती थांबली.

मी बसूनच होतो. माझ्या लेकीला फोन करायचा अजून राहिला होता.