मागे कोण होतं

स्वरदा : काका, पुन्हा मागे बघितलंत.

नंदकुमार : सवय लागलीय गं.

स्वरदा : दोन्ही पायांवर टाचा झकास उचलता. एकट्या या पायावर उचलायची वेळ आली की मान वळते आणि टाच धप्पकन खाली. फिजिओ म्हणून सांगते, टाचेमागची शीर जुळलीय, पोटरीत ताकद आलीय. आज एका पायावर चवड्यावर उभे राहिलात तर बॅडमिंटन सुरू. नाहीतर कॅरम.

नंदकुमार : कॅरमला आमच्या सोसायटीत मान नाही. एकटा सेक्रेटरी खेळतो, तोही पावडर असेपर्यंत.

स्वरदा : मग मागे काय बघता?

नंदकुमार : लाथ येतेय का ते.

स्वरदा : कुठली लाथ?

नंदकुमार : जिच्यामुळे ही शीर तुटली ती. डबल्सची मॅच होती. मी नेटपाशी, पार्टनर मागे. शटल घ्यायला झेपावलो आणि टाचेवर फाटकन लाथ बसली. आवाज पार्किंगपर्यंत गेला. वळून बघतो तर चंद्रप्रकाश. दुसरं कोणीच नाही.

स्वरदा : बाहेर बाकावर बसलेत ते? दर वेळी तुम्हाला स्कूटरवरून आणतात ते?

नंदकुमार : शिक्षा भोगतोय. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला, सभासदांनी हात वर करून त्याला दोषी ठरवलं. मी बरा होईपर्यंत ने-आण त्याच्याकडे. तेव्हापासून बोलणं बंद. भांडुप ते मुलुंड अख्खा प्रवास मौनात. सिग्नल सुटला तरी कुणी सुटला म्हणत नाही.

स्वरदा : पुरावा काय होता?

नंदकुमार : सर्जन. मी त्यांना म्हटलं, मागून लाथ बसली. त्यांनी मान डोलावली. मीटिंगमध्ये सांगितलं, डॉक्टरांचंही हेच मत आहे.

स्वरदा : काका, ही टाचेमागची शीर, अकिलीस, तुटलेला जवळपास प्रत्येक पेशंट हेच सांगतो. म्हणून मान डोलावली त्यांनी. कुणाला लाथ वाटते, कुणाला दगड. एक बाई गच्चीत एकट्याच दोरीच्या उड्या मारत होत्या. त्यांचा संशय पाण्याच्या टाकीवर होता.

नंदकुमार : म्हणजे मागून कुणी...

स्वरदा : कुणीच नाही. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि रविवारी चॅम्पियन व्हायचं. झेप घेताना पोटरी एकदम खेचली, शीर आतल्या आत तुटली. आठवतं, तुम्हाला पालथं झोपवून पोटरी दाबली होती? शीर शाबूत असती तर पाऊल हललं असतं.

नंदकुमार : हललं नव्हतं. मला वाटलं, घाबरलंय.

स्वरदा : बोटं खाली झुकवून पाय त्या आधाराच्या उंच बुटात ठेवला, टाचेखाली पाचरी घातल्या, त्या एकेक करून काढल्या. ऑपरेशनशिवाय टोकं जुळली, कारण तुम्ही लगेच आलात. कुणी आणलं होतं तेव्हा?

नंदकुमार : त्यानंच. मला वाटलं, गुन्हेगार घाबरलाय.

स्वरदा : फार लोकांना घाबरवलंत तुम्ही.

नंदकुमार : त्याला आत बोलाव.

(चंद्रप्रकाश दोन हेल्मेटं घेऊन आत येतो.)

चंद्रप्रकाश : मॅडम, यांना सांगा, स्कूटर नो-पार्किंगमध्ये आहे.

नंदकुमार : चंदू, तू लाथ मारली नव्हतीस.

चंद्रप्रकाश : मॅडम, यांना सांगा, मला माहितीय.

नंदकुमार : मीटिंगमध्ये का नाही बोललास?

चंद्रप्रकाश : बोललो. म्हटलं, मी पार मागच्या लाइनवर होतो, तिथून पाय पोचत नाही. सेक्रेटरीनं लिहून घेतलं, आरोपीने पाय आखूड असल्याचा बचाव केला.

नंदकुमार : तरी आणत राहिलास मला? नाही म्हणायचंस ना.

चंद्रप्रकाश : आणि खेळू कुणाशी, सेक्रेटरीशी? तू बरा झालास की भांडू म्हटलं.

नंदकुमार : चुकलो रे. मीटिंग बोलावतो, सगळ्यांसमोर सांगतो.

चंद्रप्रकाश : आधी टाच उचल.

नंदकुमार : तू माझ्या मागे उभा राहा.

चंद्रप्रकाश : परत?

नंदकुमार : बरोबर मागे. लाथेच्या अंतरावर.

स्वरदा : काका, समोर बघा. चांगला पाय उचला. गुडघा सरळ. आता टाच वर... अजून... अजून थोडी.

चंद्रप्रकाश : मान वळली नाही मॅडम.

स्वरदा : दिसतंय मला. काका, तुम्ही चवड्यावर उभे आहात.

नंदकुमार : एका?

स्वरदा : एका. हळू खाली या. पुन्हा वर. पुन्हा. वा. बास झालं, उतरा आता.

नंदकुमार : थांब गं. तुझ्या कपाटावर धूळ आहे.

स्वरदा : धूळ दिसली म्हणजे पास. खेळा. पण आधी अंग तापवायचं, आणि इतक्यात झेपा घ्यायच्या नाहीत.

नंदकुमार : ऐकलंस ना? रविवारी कोर्टावर. मी नेटपाशी, तू मागे.

चंद्रप्रकाश : नाही. नेटपाशी मी.

नंदकुमार : का रे?

चंद्रप्रकाश : माझी टाचही तुझ्याच वयाची आहे नंद्या. तुटली तर मागे कुणीतरी हवं.