काकीचं मांजराएवढं कुत्रं

कुत्रं कोणत्या जातीचं पाळावं हे मला विचारू नका, ते आमच्या प्रकाशा गावच्या काकीला विचारायला हवं होतं.

तापीच्या वाळूत आमची डांगरांची, म्हणजे खरबुजांची, वाडी होती आणि कोल्हे रोज डांगरं फोडायचे. राखणीला कुत्रं हवं म्हणून काका एका बंजाऱ्याकडे गेले, सोबत काकी. त्याच्याकडे दोन पिल्लं होती. एक शिकारी जातीचं, वासराएवढं होणारं. दुसरं मांजराएवढंच राहणारं. काका मोठ्याला हात लावतात तोच काकीने लहान उचललं आणि चालू लागली. गाव वर्षभर हसलं. कुत्रं मात्र असं कर्कश भुंकायचं की कोल्हे वाडीकडे फिरकेनात.

मग गोऱ्या साहेबाचा तळ पडला. शिकारीसाठी शिपाई घरोघरची धिप्पाड कुत्री वेठीला धरून नेऊ लागला. आमच्या दारात येऊन म्हणाला, "कुत्रा काढ."

काकीने दोरी बांधून कुत्रं त्याच्या हाती दिलं. "लई जा. साहेबले सांग, मन्हा घरना सर्वात मोठा कुत्रा हाऊच शे."

शिपाई चार पावलं गेला. लोक हसायला लागले, तशी दोरी टाकून निघून गेला.

काका म्हणाले, "तुले पहिलेच माहीत व्हतं का?"

"दोन साल पहिले आपली बैलजोडी वेठले लई गयात, ती लंगडत उनी," काकी म्हणाली. "आते त्यासले आवडी असं मी घरमा काहीच ठेवाव नई."