सात की नऊ

गुडघ्याच्या एमआरआयसाठी नंबर लावून बसलेले निवृत्त मास्तर वर्तमानपत्राआडून शेजारच्या जोडप्याचं बोलणं ऐकत होते. बाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदूत डाग पडत जाणारा आजार होता. नवरा त्यांच्या मेंदूची नवी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पांढरे डाग मोजत होता.

“गेल्या वर्षी डॉक्टरांनी सात सांगितले होते. हे नऊ आहेत!”

“नीट मोजा.”

“तिसऱ्यांदा मोजतोय गं. आजार वाढलाय.”

“अहो सिस्टर, जरा यांना समजावता का?”

“बघू. हे सात जुनेच. रिपोर्टमध्येही लिहिलंय, नवीन एकही नाही.”

“मग वरचे हे दोन मोठे, गोल?”

“काका, ते काकूंचे डोळे आहेत.”

मास्तरांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

“लग्नाला बावीस वर्षं झाली, सिस्टर. माझ्या डोळ्यांत यांनी एवढं निरखून आज पहिल्यांदा पाहिलं, आणि म्हणतात काय, तर आजार!”