डाव्या डोळ्याने

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसलेल्या शिंपीणबाईंना समोरचं धड दिसत नव्हतं, पण शेजारच्या मायलेकींचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"आई, उजवी नजर परत येणार नाही म्हणाले ना डॉक्टर? परवा ताईच्या लग्नाचे फोटो मी काढते. दे तो कॅमेरा."

"का? डावा डोळा काय शोभेला आहे?"

"अगं, फोकस करायला त्यात दोन चित्रं एकमेकांवर आणावी लागतात. एका डोळ्याने कसं जमेल?"

"दोन्ही चित्रं एकाच खिडकीत दिसतात, बाळा. जन्मभर मी तिला एकच डोळा लावलाय."

"आणि डावा लावलास की नाक चेपतं कॅमेऱ्याच्या पाठीवर, त्याचं काय?"

"चेपू दे. नाक मुरडण्यापेक्षा बरं."

"फिल्म आहे, आई. चुकलं तर लग्न पुन्हा लागणार नाही."

"म्हणून पन्नासची काढून पस्तीसची लेन्स लावलीय. फोकस थोडाफार चुकला तरी ती सांभाळून घेते. बस त्या उजेडात."

"आत्ता? रडून डोळे बघ कसे झालेत माझे!"

"हलू नकोस. दोन दिसतेयस... हं, झालीस एक."

खट्.

"आई, नाक लाल झालं तुझं."

"होऊ दे. अहो बाई, आता तुम्ही. जरा इकडे वळा."

शिंपीणबाईंनी घाईघाईने केस सारखे केले आणि आवाजाच्या दिशेने हसल्या.