वाढलेली क्षमता

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक प्राध्यापक कण्हत होते. त्यांच्या कॉलेजचे हेडक्लार्क सहीसाठी फाईल घेऊन तिथेच येऊन ठेपले होते.

“सर, सरकारी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, ‘प्रादेशिक अर्थसंशोधनाची क्षमता वाढवण्यासाठी निधी.’”

“मग?”

“मग वाढवली की! साठ होती, एकशेवीस केली.”

“साठ काय?”

“खुर्च्या. हॉलच्या दारावरच पाटी आहे, ‘क्षमता साठ’.”

“अहो, क्षमता म्हणजे संशोधन करणारी माणसं!”

“तसं पत्रात नव्हतं. आणि खुर्च्या गोल फिरतात, सर.”

“माझं डोकं फिरतंय! उद्या समिती पाहणीला येतेय. त्या खुर्च्यांवर काय भुतं बसवू? आपल्याकडे संशोधक किती?”

“तुम्हाला धरून एक.”

“झालं! आता बसा बोंबलत.”

“बोंबलायचं कशाला? माणसं गोळा करू. अहो ताई, उद्या सकाळी मोकळ्या आहात का?”

शिंपीणबाईंनी गालाकडे बोट दाखवलं.

“तोंड उघडता येत नाही?”

“अंहं.”

“सर, यांना तज्ज्ञ म्हणून पहिल्या रांगेत बसवू.”