निरोपाआधी एक शिक्का

सन्माननीय अध्यक्षमहोदय, म्हणजे मोठ्या कचेरीतून वाट वाकडी करून आलेले मोठे साहेब. आजचे सत्कारमूर्ती, आज आपला निरोप घेणारे बँकेचे शाखाधिकारी. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बायांनो, दादांनो, सगळ्यांना नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यापुढे ‘महिला लाभार्थी’ असं छापलं आहे. लाभ अजून व्हायचा आहे, पण छपाई झाली आहे. मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. साहेबांनी चार वर्षांत मिळून एवढा वेळ दिला नव्हता, तेव्हा जपून वापरते. माझा अर्जही मी सोबत आणला आहे. बायकांसाठीच्या कमी व्याजाच्या योजनेची आज शेवटची तारीख. आज पाचच्या आत त्यावर ‘अर्ज मिळाला’ असा शिक्का पडला तर ठीक, नाहीतर विषय संपला. पण आधी सत्काराचं बोलू.

साहेबांचा स्वभाव शांत. आवाज चढवणं त्यांना माहीतच नाही. शेंगदाण्याचं तेल काढायच्या यंत्रासाठी मी पहिल्यांदा अर्ज घेऊन गेले, तेव्हा किती गोड विचारलं, “बाई, घरचं कुणी आलंय का?”

म्हटलं, “मी घरचीच आहे साहेब.”

“तसं नाही हो, मालक कुठे आहेत?”

मालक कामाला म्हणून गेले, ते गेलेच. तेव्हा त्याला वर्ष झालं होतं, आता पाच झाली. साहेब म्हणाले, “मग मृत्यूचा दाखला आणा.” म्हटलं, “अहो, मेले नाहीत, निघून गेलेत.” “मग सही आणा.” आता तुम्हीच सांगा, ज्याला स्वतःच्या पोरींची आठवण झाली नाही, तो माझा जामीन राहायला परत येणार? पण साहेबांचा माणसांच्या चांगुलपणावर फार विश्वास. माझ्यावर तेवढा नव्हता, इतकंच. अर्ज हातात न घेताच त्यांनी परत केला. नंतर मी सोळा वेळा गेले. दर वेळी तितक्याच गोडीने परत केला.

महिला कर्जवाटपात आपली शाखा पहिली आली, त्याची ढाल इथे टेबलावर ठेवली आहे. आकडा खोटा नाही हं. माझ्या शेजारणीला शेळ्यांसाठी कर्ज मिळालं. दीर जामीन राहिला. जामीन राहिला तसे पैसेही त्यानेच नेले, बाईमाणसाला ओझं कशाला? शेळ्यांऐवजी मोटारसायकल आली. पाहणीच्या दिवशी शेजारणीला तिच्याजवळ उभं करून फोटो काढला. कागदावर ती गाडी आजही शेळीच आहे. दीर फिरवतो, आणि शेजारीण दुसऱ्यांच्या शेतात खुरपून तिचे हप्ते भरते. दुधाचं विचारू नका.

त्या मानाने गावचा सावकार मोठा पुरोगामी. बाई म्हणून त्याने कधी भेदभाव केला नाही, नवऱ्याची सही मागितली नाही. पाच मिनिटांत पैसे. गेल्या वर्षी माझं कानातलं फक्त त्याच्याकडे राहिलं, ते राहिलंच.

हसा, मीही हसतेय. पण खरं सांगू? माझी थोरली शाळा सोडून माझ्याबरोबर दाण्याची पोती तालुक्याच्या गिरणीवर वाहते. तेरा वर्षांची आहे. मला त्याचा राग आहे. समारंभात राग शोभत नाही, म्हणून आवरते, पण आहे.

तर परवा काय झालं, या निरोपासाठी शाखा झाडायला आम्हा बायकांनाच बोलावलं. त्याला जामीन लागला नाही. आम्ही मोठं कपाट सरकवलं, तर मागे काचेच्या चौकटीत कर्जाचे नियम निघाले. जामीनदार कोण, तर ‘नियमित उत्पन्न असलेली कोणतीही प्रौढ व्यक्ती’. पुरुष कुठे लिहिलाय, ते आम्ही पुढून शोधलं, मागून शोधलं, काचेवरची धूळ पदराने पुसून शोधलं. नाही सापडला! या शाखेत आल्यापासून अकरा वर्षं साहेब जामिनाला पुरुष मागत होते आणि आम्ही कुठून कुठून आणून देत होतो. भाऊ आणले, दीर आणले, एकीने तर सवतीचा भाऊ आणला. कुठे लिहिलंय, असं एकीनेही विचारलं नाही. म्हणजे चूक एकट्या साहेबांची नाही, आमचीही आहे.

आता गावात नियमित पगाराची बाई कोण? एकच. शाळेत शिकवणाऱ्या आपल्या वहिनी. काल मधल्या सुट्टीत गेले. त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. चार वर्षांत तो वाचणारं पहिलं माणूस. यंत्र तासाला किती तेल काढतं, पेंड कुठे विकणार, सगळं विचारलं. मग सही केली.

साहेब, पाणी घ्या जरा.

काय म्हणालात? मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगते. साहेब वहिनींना विचारताहेत, “मला न विचारता?” आणि वहिनी म्हणताहेत... मोठ्याने बोला ना वहिनी. नको? बरं, तेही मीच सांगते. त्या म्हणाल्या, “तीस वर्षं तुम्ही बोट ठेवाल तिथे सही केली, न वाचता. ही वाचून केली.”

मोठे साहेब, घरच्या माणसाचा जामीन असलेलं कर्ज यांना मंजूर करता येत नाही, ते मला ठाऊक आहे. मंजुरीचं नवे साहेब बघतील. यांनी फक्त अर्ज हातात घ्यायचा आणि शिक्का मारायचा.

मला बोलायला उभं केलं त्या शिपाईदादांचे आभार, आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत त्याबद्दल तुमचेही. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. साहेब, पाचला दहा कमी आहेत. तुम्ही उठेपर्यंत मी माइक सोडत नाही.

उठलात? थांबा मंडळी, टाळ्या आत्ताच नकोत. शिक्क्याचा आवाज ऐकू द्या.